दोन हिवाळे, तीन जोड आणि दहा बोटं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. फॉर्टीफाइव्ह नॉर्थ कंपनीचे वूल्व्हहॅमर नावाचे, हिवाळ्यात सायकल चालवायचे बूट घेतले, एक आख्खा हिवाळा रोज घातले, पाय गरम राहतात, पैसे वसूल. पण हे कळेपर्यंत आधीचे दोन प्रयोग फसले, आणि एवढं करूनही आमच्या घरात सगळ्यात गरम पाय माझे नाहीतच, बायकोचे आहेत, आणि तिने सायकलच्या बुटांवर एक पैसा घातलेला नाही. त्यावर येतोच.

मी मूळचा नाशिकचा, गेली काही वर्षं अमेरिकेत मिनिआपोलिसला. ऑफिस एका बाजूने साडेदहा किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता मिडटाउन ग्रीनवेवरून. ग्रीनवे म्हणजे जुन्या रेल्वेलाइनच्या जागी केलेला सायकलचा रस्ता, साधारण ९ किलोमीटरचा, बराच भाग गावातल्या रस्त्यांच्या खालून चरातून जातो, आणि बर्फ पडला की तिथला बर्फ कित्येकदा आमच्या गल्लीच्या आधी काढून झालेला असतो, त्यामुळे रस्त्याचं निमित्त सांगून घरी बसायची सोय नाही. आणि थंडीचं म्हणाल तर मला वाटायचं की थंडी काय ती आपण बघितलीये. निफाडला गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ वर आला की पेपरात बातमी, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवणार, आणि आम्ही कॉलेजात मफलर गुंडाळून हिमालयात चाललोय असे फोटो काढणार. इथे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी उणे १३ च्या आसपास असतं. सरासरी! ३० जानेवारी २०१९ ला तर एअरपोर्टवर उणे २८ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे आपल्या भाषेत उणे ३३. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ऑफिसातली जुनी मंडळी तो दिवस असा सांगतात जसं आपल्याकडे मुंबईकर २६ जुलै सांगतात, कोण कुठे होतं, कोणाची गाडी कशी बंद पडली वगैरे.

तर पहिला हिवाळा. माझ्याकडे उन्हाळ्यातले क्लीटवाले बूट होते (क्लीट म्हणजे सोलखाली स्क्रूने बसवलेला तुकडा, तो पेडलमध्ये खट करून अडकतो), ४३ नंबर, मस्त टाइट बसणारे. म्हटलं नवीन कशाला, यावरच दोन मोजे चढवू आणि वरून निओप्रीनचं, म्हणजे जाड रबरी कापडाचं, कव्हर घालू, झालं. नोव्हेंबर निघाला. डिसेंबरमध्ये एका सकाळी उणे १२ होतं, वारा नव्हता, मस्त ऊन पडलेलं, मी निघालो. आता वारा नव्हता हे ज्याला सायकल माहीत नाही तोच म्हणेल, कारण तुम्ही १९-२० च्या स्पीडने चाललात की तुमचा वारा तुम्हीच तयार करता आणि मग कातडीला ते उणे १२ चं उणे २० लागतं. पंधराव्या मिनिटाला बोटं दुखायला लागली. पंचविसाव्या मिनिटाला दुखायची थांबली, आणि मला वाटलं चला, गरम झाली.

गरम नव्हती झाली, बधिर झाली होती. ऑफिसच्या लॉकर रूममध्ये बूट काढला तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, हात लावला तर हाताला कळतंय पण पायाला काही पत्ताच नाही. आणि नंतर ती शुद्धीवर आली तेव्हा जो ठणका लागला तो मी शब्दात सांगू शकत नाही, बाकावर बसून भिंतीवर डोकं टेकवून नुसता हुं हुं करत होतो, एक कलीग येऊन विचारून गेला की बाबा अॅम्ब्युलन्स बोलवू का. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ती चूक. आई म्हणाली, "अरे मग कडकडीत पाण्यात घालायचे ना पाय, आणि चोळायचे चांगले." आईच्या मायेबद्दल शंका नाही पण हे दोन्ही करू नका. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, भाजून घ्याल, आणि चोळलं की आतलं आधीच दुखावलेलं मांस आणखी दुखावतं. ३७ ते ३९ डिग्रीचं कोमट पाणी, हाताचं कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या आंघोळीला बघतो तसं. आणि रंग परत आलाच नाही किंवा फोड आले, तर सरळ डॉक्टर.

आता त्या बुटात चुकलं काय, तर सगळंच. उन्हाळी बुटाला हवा खेळायला भोकं असतात, चवड्याखाली पण असतात, कव्हर वरून झाकतं पण खालून क्लीटसाठी कापलेलंच असतं. क्लीट लोखंडाची, तिचे नट बुटाच्या आत, तुमच्या चवड्याच्या बरोबर खाली, त्यावर पातळसं इनसोल, म्हणजे बुटातली सुटी गादी. म्हणजे पेडलच्या थंड लोखंडापासून तुमच्या पायापर्यंत सगळी धातूचीच वाट, गारठ्याला आत यायला हायवेच. आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा म्हणजे टाइट बुटात दोन मोजे. मोजा गरम करतो तो त्याच्यात अडकलेल्या हवेने. ती हवाच दाबून काढून टाकली, वर रक्त यायची वाट पण आवळली, मग तो मोजा कितीही महाग लोकरीचा असू दे. एक मोजा घातला असता तर पाय जास्त गरम राहिला असता, हे मी नंतर त्याच बुटावर करून बघितलं आणि खरं निघालं.

तरी अक्कल आली नाही. जानेवारीच्या सेलमध्ये ऑनलाइन "विंटर सायकलिंग शूज" असे एक बूट दिसले, चाळीस टक्के सूट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, वॉटरप्रूफ, काळेभोर, दिसायला एकदम भारी. नंबर कुठला घ्यायचा, तर माझा नंबर ४३, घेतला ४३. कंपनीचं नाव घेत नाही कारण बूट वाईट नव्हताच, पाणी एक थेंब आत आलं नाही, शून्याच्या आसपास ओल्या चिखलात तो उत्तमच चालला असता. पण वॉटरप्रूफ म्हणजे गरम नव्हे हे मला चाळीस टक्के सुटीच्या नादात सुचलं नाही. रेनकोट घालून कोणी स्वेटर घातला म्हणत नाही ना. आतमध्ये अस्तर बोटभर सोडा, पापडाएवढं पण जाड नव्हतं, आणि हिवाळी जाड मोजा घातल्यावर बोटं परत चेपलेलीच. दोन वेळा घालून परत पाठवायला गेलो तर त्यांनी सोलवर क्लीटचे ओरखडे आहेत म्हणून घेतले नाहीत. बरोबर आहे त्यांचं पण राग यायचा तो आलाच.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी मात्र, ऑक्टोबरमध्येच, मी लेक स्ट्रीटच्या बाजूच्या एका छोट्या सायकलच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ऑनलाइन काय मिळेल ते मिळेल, बूट पायात घालूनच घ्यायचा अशी शपथच घेतली होती. तिथला म्हातारा मेकॅनिक, दाढी पोटापर्यंत, तो बोलला कमी. पहिला प्रश्न, "मोजे आणलेस का?" मी नव्हते आणले. त्याने स्वतःच्या लॉकरमधून एक जाड लोकरी जोड आणून दिला, धुतलेला होता असं मी मानून चालतो. दुसरा प्रश्न, "किती वेळ चालवतोस, आणि घरातून निघताना किती डिग्री असतं?" नंबर त्याने विचारलाच नाही. मी आपणहून ४३ म्हटलं तर म्हणाला ते उन्हाळ्याचं सांगतोयस.

मग त्याने जे केलं ते मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. बुटाचं इनसोल बाहेर काढलं, जमिनीवर ठेवलं, मला जाड मोज्यासकट त्यावर उभं केलं आणि अंगठ्याच्या पुढे किती जागा उरते ते बघितलं. बोटाची रुंदी उरली पाहिजे, आणि पाय कडेने इनसोलच्या बाहेर सांडता कामा नये. ४३ वर माझा पाय समोसा फुटल्यासारखा चारी बाजूंनी बाहेर. ४४ वर कसाबसा. ४५ वर नीट बसला. मग बूट घालून म्हणाला बोटांनी पियानो वाजव. बूट आवळलेला असताना पण आत बोटं वरखाली हलली पाहिजेत, नाही हलली तर पुढचा नंबर. टाच थोडी उचलली जाते का, जाऊ दे, सायकलवर आपण चालत नाही.

मला त्या दुकानात उभं राहून एकदम जून महिना आठवला. शाळेचे बूट घ्यायला गेलं की बाबा दुकानदाराला सांगायचे, "एक नंबर मोठाच द्या हो, वाढतं वय आहे," आणि मग आई पुढे कापूस भरून द्यायची, आणि आम्ही वर्षभर फटाक फटाक करत जोकरसारखे चालायचो. तेव्हा जाम लाज वाटायची. आता चाळिशीत स्वतःच्या पैशाने दोन नंबर मोठे घेतले. बाबा असते तर हसले असते.

तिथे तीन बूट घालून बघितले. शिमानोचे एमडब्ल्यू सीरिजचे, पाणी आत न येऊ देणाऱ्या गोरटेक्सच्या अस्तराचे, हलके, चालायला झकास, पण मेकॅनिकच म्हणाला की हे शून्याच्या थोडं खाली जाईपर्यंत, तुझ्या सकाळी वेगळ्या आहेत. पुणे-नाशिकवाल्यांनी किंवा लंडन, ॲमस्टरडॅमला राहणाऱ्या आपल्या लोकांनी मात्र तेच बघावेत, तिथे प्रश्न गारठ्यापेक्षा पावसाचा आहे. दुसरे लेक कंपनीचे, त्यांच्याकडे रुंद पायासाठी वेगळं माप मिळतं, आणि आपल्यातले लहानपणी अनवाणी फिरलेले पुष्कळ पाय पुढून पसरलेले असतात तर तुम्हाला कुठलाच बूट बसत नसेल तर तिकडे आधी जा. आणि तिसरे हे वूल्व्हहॅमर. कंपनी इथलीच, मिनेसोटाची, नाव ४५ अक्षांशावरून, आणि मिनिआपोलिस जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, म्हणजे ज्याने हे बनवलं त्याच्या खिडकीबाहेर माझ्याच खिडकीतलं हवामान. तीनशे डॉलरच्या वर गेले. आकडा बायकोला सांगताना मी टॅक्स वगळला.

बूट कसा आहे तर घोट्याच्या चांगला वर येतो, वरचं कापड जाडं भरडं नायलॉन, खाली व्हायब्रमचा खोल नक्षीचा सोल, आवळायला लेस नाही, बोआ नावाची चकती असते ती फिरवली की तार आवळते, ओढली की सैल. ही चकती मला आधी फॅशन वाटली होती, पण उणे १५ मध्ये जाडे हातमोजे घालून लेसची गाठ सोडवून बघा म्हणजे कळेल. आणि इनसोलमध्ये एरोजेल आहे. एरोजेल म्हणजे जवळपास सगळी हवाच असलेला घन पदार्थ, १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या सोजर्नर गाडीत हेच आतली उष्णता धरायला वापरलं होतं. चवड्याखाली, क्लीटच्या बरोबर वर, जिथे मला हायवे म्हणून त्रास होता तिथे ही गोष्ट आहे, म्हणून मला हा बूट पटला. तरी मी आपलं इनसोल काढून नटवर ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलाच, मध्यमवर्गीय समाधान.

आता खरे आकडे. शून्य ते उणे ८ पर्यंत एक मध्यम लोकरी मोजा, पाय इतके गरम की विसरायला होतं. उणे १५ ला जाडा मोजा, चाळीस मिनिटं आरामात, तासाभराने अंगठ्याला जाणीव व्हायला लागते. उणे २० च्या खाली मी बोटांवर चिकटवायचे गरम पॅड लावतो. हे पॅड घेताना पायाचेच घ्या, हाताचे बुटात टाकू नका, कारण आतली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनने तापते आणि बुटात हवा कमी, पायाचे त्या हिशोबानेच बनवलेले असतात. आणि बूट घालायच्या दहा मिनिटं आधी पाकीट फोडा, बाहेर तापू द्या. उणे २५ ला एकदा गेलो होतो, हौस म्हणून, पाय ठीक होते पण पापण्या चिकटल्या, पुढच्या वेळी बस. उलट बाजूला ५ डिग्रीच्या वर हे बूट घालू नका, घामाने मोजा भिजतो आणि ओला मोजा संध्याकाळी परत येताना सूड घेतो.

एक गोष्ट मात्र कुठलाच बूट करत नाही, ती म्हणजे पाय गरम करणं. बूट ही गोधडी आहे, शेकोटी नाही. आतली ऊब तुमची तुम्हालाच आणायची आहे, रक्ताने. शरीराला पोटाला गारठा लागला की ते आधी बोटांचं रक्त कमी करतं, म्हणून पाय गार पडताहेत असं वाटलं तर आधी बघा मांड्यांवर काय घातलंय, घोटा उघडा आहे का. माझा पायजमा बुटात खोचला नव्हता तेव्हा एवढे महाग बूट असून पाय गार होते. बूट गॅरेजमध्ये ठेवायचे नाहीत, घरात ठेवायचे, गोठलेल्या गोधडीत कोण झोपतं. आणि बोटं कुरकुरायला लागली की ग्रीनवेवर उतरून तीन-चार मिनिटं सायकल ढकलत चालायचं, कारण सायकलवर चवडा वाकतच नाही, चालताना वाकतो आणि रक्त उतरतं. लोक बघतात, बघू दे.

मेंटेनन्स. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्याभरून, आपल्याकडे लोणच्याला टाकतात तसं, आणि ते क्लीटच्या स्क्रूमध्ये जाऊन असं बसतं की एप्रिलमध्ये स्क्रू निघत नाही, तर लावतानाच ग्रीस लावा. बूट काढल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसायचं. वाळवायला हीटरच्या तोंडावर ठेवू नका, डिंक सुटतो, आत कागद कोंबून ठेवा. इथे पेपर कोण घेतं, तर मी सुपरमार्केटची फुकट जाहिरातपत्रकं कोंबतो, रोज सकाळी बुटातून टर्कीच्या ऑफर बाहेर येतात. आणि बर्फातून चालत येऊन पेडलवर पाय टेकवला तर क्लीटमध्ये बर्फ दाबून बसलेला असतो, खट होत नाही, तेव्हा पेडलवरच पाय आपटायचा, किंवा सकाळी क्लीटवर स्वयंपाकाचा तेलाचा स्प्रे मारायचा. हा स्प्रे गॅसजवळून रोज गायब का होतो याचं उत्तर बायकोला हे वाचून मिळेल. अजून एक, दोन नंबर मोठा बूट म्हणजे लांब आणि जाड, माझी टाच पहिल्या आठवड्यात मागच्या दांडीला घासत होती, क्लीट थोडी सरकवून घेतली. दुकानातच आपली सायकल नेऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आता बायको. तिचं ऑफिस सहा किलोमीटर, ती पण सायकलनेच जाते. तिच्या सायकलला साधे चपटे पेडल, प्लॅस्टिकचे. पायात ती इथे बर्फ उपसताना घालते तेच जाडे बर्फातले बूट, आत निघणारं फेल्टचं अस्तर, आधीचे घरात पडलेले. क्लीट नाही म्हणजे भोक नाही, भोक नाही म्हणजे हायवे नाही, पेडल प्लॅस्टिकचं म्हणजे त्यातूनही गारठा येत नाही, बूट मुळातच ऐसपैस म्हणजे बोटं मोकळी. गेल्या जानेवारीत मी लॉकर रूममध्ये माझ्या बोटांना फुंकर घालत होतो त्याच सकाळी तिने मला मेसेज केला होता की आज मोज्यात घाम आला. मी घरी येऊन तिला क्लीटमुळे पेडलिंग किती एफिशियंट होतं त्यावर लेक्चर दिलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही ऑफिसला चाललाय का टूर द फ्रान्सला?"

तर माझं प्रामाणिक मत असं, की रोजचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत असेल तर बायकोचं ऐका, माझं नको. चपटे पेडल वीस-तीस डॉलरला येतात. क्लीटवाले हिवाळी बूट तासाच्या वर चालवणाऱ्यांसाठी, किंवा शनिवारी गोठलेल्या तळ्यावर फॅटबाइक, म्हणजे जाड्या टायरची सायकल, घेऊन जाणाऱ्यांसाठी, किंवा माझ्यासारख्या ज्यांना पाय पेडलला अडकलेला नसला की चुकल्यासारखं होतं त्यांच्यासाठी. पुण्याहून एका मित्राने विचारलं होतं की महाबळेश्वर राइडला असले बूट घेऊ का, त्याला म्हटलं बाबा रे, तुझ्या आहेत त्याच बुटाच्या टोकावर कव्हर चढव, एक लोकरी मोजा घाल आणि उरलेल्या पैशात सगळ्या ग्रुपला मिसळ घाल. स्पिती-लडाखला थंडीत जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे मात्र इनसोल काढून त्यावर उभं राहून बघूनच घ्या.

आणि ते सेलमध्ये घेतलेले ४३ नंबरचे काळे बूट अजून गॅरेजमध्ये पडलेत, फक्त दोनदा घातलेले. मिनिआपोलिस किंवा सेंट पॉलमध्ये ४१ चा पाय असलेलं कोणी असेल तर येऊन घेऊन जा, फुकट. येताना जाडे मोजे घेऊन या, चहा मी पाजतो.